पंखा कोणाचं ऐकतो : फोंडा तालुक्यातल्या एका वाचनालयाच्या प्रकल्प नोंदी

८ एप्रिल २०२५

जागा पाहिली. फोंडा तालुक्यातलं जुनं मराठी वाचनालय, देवळापासून हाकेच्या अंतरावर. गावाचं नाव या नोंदींत मुद्दाम लिहीत नाही. पुढे माणसांच्या सवयींबद्दल लिहावं लागणार आहे आणि गाव लहान आहे. खाली वाचनकक्ष आणि पुस्तकांची खोली, वर हॉल. हॉलमध्ये भजनाचा वर्ग, उत्सवी नाटकांच्या तालमी, कधीमधी सत्कार. भिंती जाड चिऱ्यांच्या, वर मंगळुरी कौलं, त्याखाली लाकडी तक्तपोशी. पूर्वेच्या दोन खिडक्यांना अजून शिंपल्यांची तावदानं आहेत.

काच महाग होती त्या काळात गोव्यात ही चपटी शिंपली लाकडी चौकटीत बसवत. जुवारी नदीच्या मुखाजवळ चिखलीच्या खाडीत ती अजून सापडतात, पण आता वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे त्यांना हात लावता येत नाही. म्हणजे फुटलेलं तावदान बदलायची सोय नाही. सकाळी दहाला उजेड मोजणारा लक्समीटर धरून पाहिलं. त्या खिडकीखाली वाचायला भरपूर उजेड आणि डोळ्यांवर तिरीप अजिबात नाही. शेजारच्या काचेच्या खिडकीला जुनं वर्तमानपत्र चिकटवलेलं आहे, त्याची तारीख वाचता येत नाही इतकं पिवळं झालंय.

देणगी गावातल्याच, आखातात नोकरी करणाऱ्या एका गृहस्थांची. त्यांची अट एकच, वाचनालय 'स्मार्ट' करा. कार्यकारिणीने त्याचा अर्थ असा लावला: माणूस आला की दिवे-पंखे आपोआप लागावेत आणि गेला की बंद व्हावेत, बिल कमी यावं, पावसात पुस्तकांना बुरशी धरू नये. हे सगळं एकाच यंत्रणेत बसेल असं त्यांना वाटतं. मला पहिली आणि शेवटची मागणी एकमेकींशी भांडताना दिसतात. पावसाळा आला की कळेलच.

१५ एप्रिल

मोजमापं. दुपारी तीनला वाचनकक्षात ३३.४ अंश, आर्द्रता ६४ टक्के. पंखे जोरात. सहा-सात माणसं वाचत बसली आहेत, कोणाची कुरकुर नाही.

हे कागदावरही जुळतं. अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठातल्या संशोधकांनी भारतीय इमारतींसाठी 'इमॅक' नावाचं सूत्र मांडलं आणि २०१६ च्या राष्ट्रीय इमारत संहितेत ते आलं. खिडक्यांच्या वाऱ्यावर चालणाऱ्या इमारतीत सुखाचं तापमान म्हणजे बाहेरच्या गेल्या काही दिवसांच्या सरासरीला ०.५४ ने गुणायचं आणि त्यात १२.८३ मिळवायचे. सध्या बाहेरची सरासरी साडेएकोणतीस धरली तर २८.८ येतात. त्याच्या वर जेमतेम अडीच अंश गेलं तरी दहांतल्या नऊ जणांना चालतं. अंगावर सेकंदाला ०.८ मीटरचा वारा असला की आणखी दोन-अडीच अंश खपून जातात. बेरीज तेहतीस-साडेतेहतीसच्या घरात. आजचा आकडा बरोबर काठावर आहे, आणि तो काठावर राहिला आहे तो पंख्यांमुळे.

एसीचा विषय समितीत आधी निघाला होता. मी विरोधात बोललो. कौलांच्या फटी आणि झडपांच्या खिडक्या असताना तो एसी गावाला गार करत बसेल.

तेव्हा ठरलं: इथे यंत्रणा म्हणजे पंखा. बाकी सगळं त्याच्या सेवेला.

१७ एप्रिल

हालचाल टिपणारा साधा पीआयआर सेन्सर लावून पाहिला. अंगाच्या उष्णतेची किरणं भिंगाच्या एका पट्ट्यातून दुसऱ्या पट्ट्यात सरकली की त्याला माणूस कळतो. इथे दोन अडचणी आहेत. एक, वाचक हलत नाही. दुपारी येणारे एक काका निधनवार्तांचं पान अर्धा-अर्धा तास वाचतात, पान उलटण्यापुरता हात हलतो. दुसरी अडचण एप्रिलची आहे. कातडीचं तापमान साधारण ३३-३४ आणि खोलीही तेवढीच तापलेली, मग सेन्सरला माणूस आणि भिंत यांत फरकच दिसत नाही. थंड देशांतल्या ऑफिसात बसून लिहिलेल्या माहितीपत्रकात यावर एक ओळ असते, बारीक अक्षरात.

संध्याकाळी तक्तपोशीवरच्या पालीने मात्र त्याला छान चालवलं.

२३ एप्रिल

२४ गिगाहर्ट्‍झचं छोटं रडार आणलं. बोटाएवढी पट्टी, ईएसपी३२ नावाच्या छोट्या नियंत्रक चिपला जोडलेली. छातीच्या वरखाली होण्यावरून श्वास घेणारा माणूस ओळखतं. काका पकडले गेले.

आणि पंखाही पकडला गेला. छताला लावलेल्या रडारला फिरती पाती म्हणजे हालचाल. हालचाल आहे म्हणजे माणूस आहे, माणूस आहे म्हणजे पंखा सुरू ठेवा, पंखा सुरू आहे म्हणजे हालचाल आहे. रात्री आठला कुलूप लागल्यावर सुद्धा वाचनकक्षात, यंत्राच्या मते, सहा माणसं एकाग्रतेने वाचत होती. असं होणार हे माहीत होतं, पण ग्रंथपाल बाईंना ते प्रत्यक्ष दाखवायचं होतं, कारण पुढचे सगळे निर्णय यावर अवलंबून आहेत. बाई हसल्या. म्हणाल्या, "म्हणजे पंख्याला पंख्याचीच सोबत."

उपाय दोन होते. पहिला, दर वीस मिनिटांनी पंखा थोडा थांबवायचा आणि त्या शांततेत रडारने पाहून घ्यायचं. कागदावर सुंदर आहे. पण एप्रिलमध्ये वाचणाऱ्याचा पंखा थांबवणारी इमारत मला बांधायची नाही. दुसरा, रडार छतावरून काढून भिंतीवर टेबलाच्या उंचीला आडवं लावायचं. हे रडार समोरचं अंतर पाऊण-पाऊण मीटरच्या कप्प्यांत वाचतं आणि प्रत्येक कप्प्याची संवेदना वेगळी ठरवता येते. खुर्च्या असलेले कप्पे तीक्ष्ण ठेवायचे, बाकीचे बोथट. दुसराच घेतला. दारातून कोणी आलं हे पीआयआर सांगणार, कारण तो चटकन सांगतो. माणूस अजून बसला आहे का हे रडार सांगणार.

चिऱ्याच्या भिंतीचा इथे फायदा झाला. प्लायवूडच्या पार्टिशनपलीकडचा माणूसही हे रडार टिपतं, पण चिऱ्यातून काही जात नाही. तोटाही तोच. वायफायही जात नाही. जिन्यात एक रिपीटर वाढवावा लागणार.

२ मे

समितीची बैठक. उंडे आणि पातळभाजी झाल्यावर मुद्द्याला सुरुवात.

सचिवांनी ॲमस्टरडॅमच्या 'द एज' इमारतीचा व्हिडिओ पाहिला होता. डेलॉइटचं ऑफिस, साधारण २८ हजार सेन्सर, फोनवरून बसायची जागा मिळते, दिवे आणि तापमान माणसागणिक बदलतं. त्यांचा प्रश्न सरळ होता, आपल्याकडे किती सेन्सर? मी म्हटलं, एका हातावर मोजले तर दुसरा हात लागेल एवढे. चेहरे पडले. मग मी त्यांना अमेरिकेतल्या, कोलोरॅडोतल्या बोल्डर गावाची गोष्ट सांगितली. १९९० च्या दशकात मायकेल मोझर नावाच्या संगणकशास्त्राच्या प्राध्यापकाने स्वतःचंच घर न्यूरल नेटवर्कच्या ताब्यात दिलं. जुन्या शाळेची इमारत होती ती. दिवे, पाणी तापवणं, खोली गरम ठेवणं, सगळं ते घर त्याच्या वागण्यावरून शिकत होतं. त्याला शिकवायला वेगळं काही सांगायचं नव्हतं. घरातल्या माणसाने हाताने बटण दाबलं की घराने समजायचं, आपलं काहीतरी चुकलं. वीज वाचवणं आणि माणसाचा हात बटणाकडे न जाणं, या दोन्हींचा तोल सांभाळायचा. मला यातलं एवढंच आपल्याकडे आणायचं आहे, म्हटलं. अध्यक्षांना पटलं. सचिव अजून २८ हजारांवर होते.

खिडक्यांना मोटर लावायची सूचना आली. पॅरिसच्या अरब जगत संस्थेचं उदाहरण दिलं. १९८७ ची इमारत, दक्षिणेच्या भिंतीवर उन्हाप्रमाणे उघडमीट करणाऱ्या धातूच्या हजारो पाकळ्या. काही वर्षांतच त्यांतल्या बऱ्याच अडकून बसल्या. ते पॅरिसमध्ये, आणि इथे बिजागरीला एका पावसाळ्यात गंज चढतो. मोटर नाही. खिडकी माणूस उघडेल, इमारत फक्त सुचवेल. बाईंच्या टेबलाजवळ एक पिवळा दिवा.

कॅमेऱ्याचा विषय एका सदस्यांनी काढला, दोन मिनिटांत मागे घेतला. गावातले लोक काय वाचतात आणि कोणाशेजारी बसून वाचतात याचं चित्रण कोणालाच नको होतं.

मग चहा आला, बाईच घेऊन आल्या, आणि सचिवांनी सहज विचारलं, "यात कुलूप सकाळी किती वाजता उघडलं तेही दिसेल ना?"

बाई तिथेच उभ्या होत्या. कोणी काही बोललं नाही.

रात्री उशिरा नोंद. हा प्रश्न मी हलका घेणार नाही. रडारला चेहरा दिसत नाही, म्हणून ते निरुपद्रवी, असं आम्ही सगळेच सांगत असतो. पण ज्या खोलीत सकाळी पहिलं पाऊल टाकणारी व्यक्ती रोज एकच असते, तिथे 'खोलीत कोणीतरी आहे' ही ओळ म्हणजे त्या व्यक्तीचं हजेरीपुस्तक. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात ज्या माहितीवरून माणूस ओळखता येतो ती वैयक्तिक माहिती. इथे नाव न लिहिताही ओळखता येतो. वाचकांना गार वारा देण्यासाठी लावलेला सेन्सर बाईंवर पाळत ठेवायला वापरला गेला, तर त्या तो एक दिवस कापडाने झाकून ठेवतील आणि बरोबर करतील.

म्हणून: क्षणाक्षणाची माहिती त्या त्या सेन्सरच्या डब्यातच राहील आणि तिथेच पुसली जाईल. जिन्याखालच्या रास्पबेरी पायला, म्हणजे सगळे डबे ज्याला जोडले आहेत त्या छोट्या संगणकाला, दर अर्ध्या तासाला एवढंच कळेल की खोली वापरात होती का, तापमान काय, कोणी बटण दाबलं का. वाचनालय उघडण्याच्या आणि मिटण्याच्या आसपासचा तास नोंदलाच जाणार नाही. इंटरनेटवर काही जाणार नाही. हे करारात लिहून दिलं आणि सही घेतली. सचिवांनीही केली, थोडं थांबून.

९ मे

हिशेब. आमच्या विद्यार्थिनीने केला, मी तपासला.

जुने सहा पंखे, प्रत्येकी ७५ वॅट. नवे बीएलडीसी, म्हणजे कमी विजेवर चालणाऱ्या मोटरचे, ३० वॅटच्या आसपास. दिवसाला दहा तास धरले तर नुसत्या बदलीने २.७ युनिट वाचतात. आता सेन्सर. रिकाम्या खोलीत पंखे दिवसाला तीन तास उगाच फिरतात असं धरू. नव्या पंख्यांचे ते होतात अर्धा युनिट. आणि आमचे आठ डबे प्रत्येकी एक वॅट, चोवीस तास, म्हणजे ०.१९ युनिट ते स्वतःच खातात. निव्वळ बचत एक तृतीयांश युनिट.

तेव्हा बिल कमी होणार आहे ते पंखे बदलल्यामुळे. सेन्सरमुळे नाही. हे अध्यक्षांना फोनवर सांगितलं. म्हणाले, "मग सेन्सर कशाला?" योग्य प्रश्न. उत्तर: काकांना उठून रेग्युलेटरपर्यंत जावं लागू नये म्हणून, आणि पुस्तकांसाठी. वीज वाचते म्हणून विकणाऱ्यांनी निदान हा गुणाकार तरी करून दाखवावा.

२८ मे

पाऊस यंदा मे महिन्यातच येऊन बसला. तक्तपोशीचं राहिलेलं काम ताडपत्रीखाली. वायरमनने सगळे डबे जमिनीपासून वर घेतले, सर्किटच्या पट्ट्यांवर लॅकरचा हात मारला, केबल खालून आत घेतल्या. वरून घेतलेली केबल म्हणजे पागोळीला वाट.

१४ जून

वीज दिवसभर येत-जात. परत आल्यावर काय झालं पाहिजे हे आजच पक्कं केलं. राऊटर उठायला वेळ लागतो, रास्पबेरी पाय सुरू व्हायला त्याहून जास्त. तोवर वाचक अंधारात बसणार नाहीत. दिव्यांना जिन्यासारखी टू-वे वायरिंग केली आहे. एका टोकाला भिंतीवरचं बटण, दुसऱ्या टोकाला आमचा रिले, म्हणजे यंत्रणेने चालवायचा स्विच. रिले कुठल्याही स्थितीत अडकला तरी भिंतीवरचं बटण दाबलं की दिव्याची स्थिती बदलतेच. पंख्यांना टेबलाशेजारी चार बटणांची पट्टी. माणसाने वेग ठरवला की दोन तास यंत्रणा त्यात तोंड घालत नाही. आणि कोणी वाढवला तर त्या वेळेपुरता पंखा सुरू होण्याचा उंबरठा पाव अंशाने खाली येतो, कमी केला तर पाव अंशाने वर जातो. शिकणं एवढंच. न्यूरल नेटवर्क वगैरे काही नाही, आणि वायरमनला समजावून सांगता येतं ही मोठी गोष्ट.

सर्व्हर बंद करून, राऊटर काढून, सगळं हाताने चालवून पाहिलं. चाललं.

५ जुलै

पुस्तकांची खोली. हीच ती भांडणारी मागणी.

आर्द्रता आठवडाभर ८५ च्या खाली आलेली नाही. बुरशीला सत्तरच्या वर सततचा दमटपणा पुरतो. 'माणूस नाही, सगळं बंद' हा नियम लावला तर रात्रभर हवा साचते आणि कपाटांच्या मागच्या भिंतीवर काळे ठिपके येतात. पुस्तकं कुठे जात नाहीत, पान हलवत नाहीत, श्वास घेत नाहीत, म्हणून कोणत्याही रडारला ती दिसत नाहीत. त्या खोलीचे खरे रहिवासी तेच. तेव्हा तिथे नियम वेगळा: माणूस असो नसो, पंखा सर्वांत हळू वेगावर.

खिडकी उघडायची का, हा प्रश्न त्याहून अवघड. बाहेरची आर्द्रता ९०, आतली ८५, म्हणजे बंद ठेवा, असं सरळ म्हणता येत नाही. आकडे वेगवेगळ्या तापमानांचे असतात. दोन्हीकडचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं पाणी होऊ लागतं ते, काढून तुलना करायची. बाहेरचा आतल्यापेक्षा स्पष्ट खाली असेल तेव्हाच उघडायची. जुलैत असे तास फार थोडे मिळतात आणि मिळतात ते नेमके पाऊस उघडल्यावर, दुपारी. पिवळा दिवा तेव्हा लागतो.

दुर्मीळ पुस्तकांच्या दोन कपाटांसाठी मी बंद खोलीत डिह्युमिडिफायर, म्हणजे हवेतला ओलावा काढणारं यंत्र, ठेवायचं म्हणत होतो. बाईंनी जुनी पद्धत सांगितली. पूर्वी कपाटाच्या तळाला १५ वॅटचा बल्ब लावून ठेवत, वर कडुनिंबाचा पाला. हिशेब करून पाहिला. २७ अंशांची ८५ टक्क्यांची हवा कपाटात तीन अंशांनी गरम केली की तीच ७१ टक्के होते, पाण्याचा एक थेंबही बाहेर न काढता. चार अंशांनी, तर ६७. बल्ब आणले, जाळीच्या पिंजऱ्यात बसवले, पुस्तकांपासून वीतभर लांब. फक्त नियंत्रण आमचं: आतली आर्द्रता ६८ च्या वर गेली की सुरू, ६२ ला बंद, आणि तापमान ३३ ला पोचलं तर काहीही असो, बंद. डिह्युमिडिफायरचे पैसे वाचले.

सेन्सरवर मात्र लक्ष. आर्द्रतेचा हा सेन्सर ऐंशी टक्क्यांच्या वर दिवसचे दिवस राहिला की दोन-तीन टक्के जास्त दाखवू लागतो. आतल्या हीटरने आठवड्यातून एकदा वाळवायचा.

९ ऑगस्ट

वरच्या हॉलमध्ये संगीत नाटकाची तालीम, रोज रात्री साडेआठनंतर. चौदा-पंधरा माणसं, एक ऑर्गन, एक तबला. बाहेरच्या हवेत कार्बन डायऑक्साइड सध्या ४२५ पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत ४२५) आसपास असतो. परवा पावणेदहाला हॉलमध्ये १९०० च्या वर गेला. गाणारा माणूस बसलेल्या माणसापेक्षा जास्त हवा फेकतो, आणि फेकलेल्या श्वासात हा वायू चार टक्के, म्हणजे चाळीस हजार पीपीएम. हॉलमधला पिवळा दिवा लागला. कोणी खिडकी उघडली नाही. कालही नाही. पंखे जोरात, पण पंखा तीच हवा फिरवतो.

आमच्या विद्यार्थिनीचं म्हणणं, दिवा दिसत नसेल, बझर लावू. मी म्हटलं, आधी विचारू.

दिग्दर्शकांनी खिडकीतून समोरचं घर दाखवलं. "तिथे बाळंतीण आहे. मूल पंधरा दिवसांचं. नाट्यगीताचा वरचा षड्ज लागला की ते उठतं."

यावर सेन्सर काय करणार? खिडकी बंद आहे हे त्याला कळतं, हवा कोंदली आहे हे कळतं. खिडकी का बंद आहे हे कळत नाही, आणि सगळा निर्णय त्या 'का'वर आहे. बझर लावला असता तर मूल उठवायला आणखी एक वाद्य झालं असतं.

मार्ग निघाला तो मागच्या बाजूने. पश्चिमेला कुळागर, म्हणजे माड-पोफळींची बाग आहे, घर नाही. तक्तपोशीच्या वर कौलांखाली जुने झरोके होते, वटवाघळांसाठी कधीतरी फळ्या मारून बंद केलेले. सुताराने त्या काढल्या, बारीक जाळी लावली, एका झरोक्यात शांत एक्झॉस्ट पंखा. तो १००० पीपीएमला सुरू होतो. समोरच्या खिडक्या बंदच. आज तालमीच्या शेवटी आकडा ११५० वर थांबला. घाम आहे, पण डोकं जड होत नाही, असं ऑर्गनवाले म्हणाले.

एक नवीन गोष्ट सुरू केली. बाईंच्या टेबलावर दोनशे पानी वही. पिवळा दिवा लागूनही खिडकी उघडली नाही, किंवा कोणी बटण दाबलं, तर जमेल तेव्हा कारण लिहायचं. सक्ती नाही.

२३ ऑगस्ट

चतुर्थीच्या तयारीमुळे वाचनालयात माणूस नाही. माटोळीच्या, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळापानांच्या, सामानाने बाजारात पाय ठेवायला जागा नाही. काम पुढच्या महिन्यात.

१६ सप्टेंबर

बटणं दाबण्याचं प्रमाण जूनच्या तुलनेत निम्म्याहून खाली आलं आहे. मोझरच्या कसोटीने इमारत शिकली. आलेख काढून अध्यक्षांना पाठवायचा होता.

पाठवण्याआधी वही वाचली. बाईंचं अक्षर सुरेख आहे आणि वाक्यं छोटी. 'तिसऱ्या पंख्याखाली कोणी बसत नाही.' 'तिसऱ्या पंख्याखाली आजही नाही.' 'वीजबिल पाहून सदस्य म्हणाले पंखा हळू ठेवा.' 'शाळेच्या मुलांनी बटणाशी खेळ केला, धरू नये.' 'काकांनी खुर्ची उचलून शिंपल्यांच्या खिडकीखाली नेली.'

काकांनाच विचारलं. ते कोकणीत म्हणाले, "पुता, हांगा बरें वारें येता." खिडकीखाली टेबल नाही, ते मांडीवर पुट्ठा ठेवून वाचतात. बघून आणखी तिघे तिकडे गेले. खुर्च्यांची रांग आता पूर्वेच्या भिंतीला आहे, आमच्या रडारच्या तीक्ष्ण कप्प्यांच्या बाहेर. म्हणजे ही माणसं यंत्रणेच्या हिशेबात कधी बसलेली आहेत, कधी नाहीत. पंखा त्यांच्यासाठी लागत नाही आणि त्यांना तो नकोही आहे. बटण दाबण्याऐवजी त्यांनी जागा बदलली.

मग आलेखातला उतार कशाचा? थोडा उंबरठा शिकल्याचा, तो खरा, कारण पहिल्या आणि दुसऱ्या पंख्याखालची माणसं तिथेच आहेत आणि बटणाला हात लावत नाहीत. पण बराचसा काकांच्या खुर्चीचा. माणूस गैरसोयीला तोंड देताना सगळ्यात आधी स्वतःला हलवतो: सदरा सैल करतो, खुर्ची सरकवतो, वेळ बदलून सकाळी येतो, किंवा यायचंच बंद करतो. यातलं एकही बटणावर उमटत नाही. बोल्डरच्या घरात राहणाराच संशोधक होता, कंटाळून दुसऱ्या घरी जाणार नव्हता. वाचनालयात न येणं फार सोपं असतं. शेवटची शक्यता तपासायला बाईंकडचं देवघेवीचं रजिस्टर पाहिलं. नेहमीचे वाचक येत आहेत.

अध्यक्षांना आलेखासोबत वहीची पानंही पाठवली.

बदल: रडार खुर्च्यांच्या मागे धावणार नाही. पूर्वेच्या भिंतीसाठी एक वेगळं, पण ते फक्त दिव्याशी जोडलेलं. संध्याकाळी शिंपल्यांतून उजेड येणं थांबलं की वरची पट्टी हळूहळू उजळते. पंखा तिथे बटणाशिवाय लागणार नाही. तिसऱ्या पंख्याखाली कोणी का बसत नाही ते वायरमनने शिडीवर चढून शोधलं. पंखा तुळईच्या फार जवळ होता, वारा खाली यायच्या आधीच विस्कटायचा. नळी वीतभर वाढवली. ते कुठल्याही सेन्सरमध्ये दिसलं नसतं. पंख्याला तर तो व्यवस्थित फिरतोय एवढंच माहीत होतं.

४ ऑक्टोबर

ऑक्टोबरचं ऊन. दुपारी आत ३१ अंश, आर्द्रता अजून ७५ च्या पुढे. एप्रिलपेक्षा तापमान कमी आणि चिकचिक जास्त. नुसत्या तापमानावरचा उंबरठा इथे पुरत नाही. सत्तरच्या वर गेल्यावर दर पाच टक्के आर्द्रतेला उंबरठा अर्ध्या अंशाने खाली, असा नियम घातला. बटणावर हात पुन्हा थांबला, आणि या वेळी खुर्च्याही जागच्या जागी आहेत. पाहून आलो.

१८ ऑक्टोबर

हस्तांतर. वरच्या हॉलमध्ये पोरांनी नरकासुराचा पुतळा करायला घेतला आहे. बांबू, गवत, रंगाचे डबे, रात्रीचे जागरण. एक्झॉस्ट अखंड चालू. मध्यरात्रीनंतर दिवे मंद करायचा नियम उद्या रात्रीपर्यंत उठवला. अशा रात्रींसाठी भिंतीवर एक वेगळं लाल बटणही आहे: 'आज ऐकू नकोस.' ते दाबलं की दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत यंत्रणा फक्त मोजते, काही करत नाही. पोरांना तेच सगळ्यात आवडलं.

बाईंना आणि वायरमनला दिलं ते: स्विचबोर्डाच्या झाकणाच्या आतून चिकटवलेला वायरिंगचा नकाशा, लॅमिनेट केलेला. दोन तयार डबे, एक रडार, एक रिपीटर जास्तीचे. सगळे उंबरठे मराठीत लिहिलेला एक कागद, कोणता आकडा बदलला तर काय होतं यासकट. पासवर्ड बंद पाकिटात, अध्यक्षांकडे. आर्द्रतेचा सेन्सर दर मे महिन्यात बदलायचा.

राहिलेले मुद्दे. सचिवांना मोबाईलवर ॲप हवं आहे. करारात नाही, आणि कुलपाच्या वेळेचा विषय त्यातून परत येईल, म्हणून मी सुचवलेलं नाही. देणगीदार डिसेंबरात गावी येतील तेव्हा त्यांना दाखवायला भिंतीवर एक स्क्रीन असावा अशीही मागणी आहे. मी म्हटलं वही दाखवा, दुसरी सुरू झाली आहे. निर्णय पुढच्या बैठकीत.

कपाटातले १५ वॅटचे बल्ब बाजारात आता सहजी मिळत नाहीत. फोंड्याला एका जुन्या दुकानात डझनभर शिल्लक आहेत असं वायरमन म्हणतो. दिवाळी झाली की सगळे घेऊन ठेवायचे.